उपाशी बिअर्डेड ड्रॅगन घरी आला तर पहिला महिना कसा काढायचा

बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातला. म्हणून जळगाव-भुसावळकडे एक समज घट्ट बसलाय की वाळवंटातला सरडा आहे, आपलं ऊन त्याला मानवणारच. याच समजापायी चांगली जनावरं हातची जातात. तिकडे तो सकाळी ऊन घेतो आणि दुपार तापली की सावलीत, बिळात किंवा झाडावर वाऱ्याला जातो. काचेच्या पेटीत त्याला जायला जागाच नसते. शिवाय नेटवर जी माहिती मिळते ती बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. पेटी गरम कशी ठेवायची, हा त्यांचा प्रश्न. आपल्याकडे वर्षातले निम्म्याहून जास्त महिने प्रश्न उलटा असतो: पेटीचं एक टोक थंड कसं ठेवायचं.

हे सरडे खान्देशात येतात ते सुरत, मुंबई, पुण्याकडून. हौसेने घेतलेले असतात. मग मुलांचं कॉलेज सुरू होतं, यूव्हीबी किरणांची ट्यूब जाते, पेटी माशांच्या जुन्या टाकीत बदलते आणि खायला कोथिंबीर आणि केळ्याच्या फोडी. पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनचं वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असायला हवं. सोडवून आणलेला दोनशेच्या आत-बाहेर असतो, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले.

घ्यायच्या आधी कागदाचं बघा. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्या अनुसूची ४ मधल्या परदेशी प्राण्यांची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. यादीत भर पडत असते, म्हणून जनावर कोणतंही असो, वनविभागाच्या कार्यालयात लेखी कळवून पोच घ्यावी. हेल्पलाइन १९२६. आणि फोनवर ‘मोठा सरडा सापडलाय’ असं कोणी सांगितलं तर आधी फोटो मागवा. घोरपडीचं पिल्लू निघालं तर ते अनुसूची १ मधलं आहे. त्याला हातही न लावता वनविभागाला बोलवायचं. ड्रॅगनला सातपुड्यात ‘मोकळं सोडून देऊ’ म्हणणारेही भेटतात. परदेशी जनावर रानात सोडणं बेकायदा तर आहेच, पण ते त्याच्या अंगावरचे रोग आपल्या सरड्यांना देऊन जातं.

पहिला दिवस: खायला काही नाही

आल्या आल्या वजन करायचं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. काट्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवून शून्य करा आणि सरडा त्यात ठेवा. उचलताना पोटाखाली पूर्ण तळहात हवा. उपाशी, कॅल्शियम संपलेल्या सरड्याचा पाय नुसता ओढला तरी हाड मोडतं.

मग बघायचं ते असं. खालचा जबडा दोन बोटांनी अगदी हलका दाबा. वाकला किंवा बाहेर आला तर हाडं मऊ झालीत. पायाची बोटं थरथरतात का, मागचे पाय ओढत चालतो का, शेपटीला किंवा पाठीला गाठी-वळणं आहेत का. तोंडाच्या कडेला पिवळट खपली म्हणजे तोंड सडायला लागलंय. अंगावर पिवळे-तपकिरी, खरबरीत, पसरत जाणारे डाग दिसले तर ती ‘यलो फंगस’ नावाची बुरशी असू शकते. ती ड्रॅगनमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि घरगुती मलमाने बरी होत नाही. बोटं आणि शेपटीचं टोक भिंगाने तपासा, कारण जुनी कात तिथेच अडकून राहते. विष्ठेतला पांढरा भाग मऊ आणि पांढरा हवा. पिवळा, खडूसारखा टणक असला तर पाणी कमी पडलंय.

पहिल्या दिवशी द्यायचं ते पाणी आणि ऊब, बस. जनावर उपाशी दिसतंय म्हटल्यावर घरातल्या बाईमाणसांचा, मुलांचा जीव तुटतो आणि कोणीतरी वाटीभर अळ्या समोर ठेवतं. इथेच घात होतो. महिनाभर उपाशी शरीरातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम तळाला गेलेलं असतं. अचानक भरपेट खाणं आलं की इन्शुलिन वाढतं, उरलंसुरलं फॉस्फरस आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि रक्तातलं प्रमाण कोसळतं. सरडा दोन-चार दिवस छान खातो, मग एकाएकी मरतो. लोक म्हणतात, खायला लागला होता, मग काय झालं? खाण्यानेच झालं. शिवाय अंगात ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, ते तिथेच सडतं. क्रम ठरलेला आहे: पाणी, ऊब, मग खाणं.

पाण्यासाठी कोपरापर्यंत येईल इतकं उथळ, ३० ते ३२ अंशांचं पाणी, १० ते १५ मिनिटं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात पोळेल असं येतं आणि माठातलं फार गार असतं. दोन्ही मिसळा आणि थर्मामीटर बुडवून बघा, हाताचा अंदाज नको. सरडा कातडीतून पाणी पितो असं काही नाही, पण आंघोळीत तो पितो आणि पोट साफ होतं. अशक्त असेल तर मान पाण्यात पडणार नाही यासाठी समोर बसूनच राहायचं. विष्ठा झाली की पाणी लगेच बदला.

तोंडाने द्यायचं तर सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या आणि नाकाच्या शेंड्याजवळ, वरच्या ओठावर एक थेंब सोडा. तो खाली ओघळला की जीभ बाहेर येते. पुढचा थेंब ती आत गेल्यावर. दिवसभरात किलोमागे साधारण २० मिली, म्हणजे २०० ग्रॅमच्या सरड्याला ४ मिली, तेही अर्धा-अर्धा मिली करून. तोंड उघडून सिरिंज आत रेटली की पाणी श्वासनळीत जातं. डोळे फारच आत असतील, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत असेल तर थेंबांनी भागणार नाही. पशुवैद्याकडून कातडीखाली सलाईन द्यावं लागेल.

पेटी, आणि मे महिना

एका प्रौढ सरड्याला ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच पेटी हवी. वॉटरप्रूफ प्लाय, समोर सरकत्या काचा, वर जाळी. गावातला कुठलाही सुतार करून देतो. पहिले दोन महिने खाली फक्त वर्तमानपत्र किंवा टिश्यू पेपर. तापी-गिरणेची वाळू घालून ‘वाळवंट’ करू नका. अशक्त सरडा खाण्याबरोबर वाळू गिळतो, ती आतड्यात बसते. कागदावर विष्ठाही लगेच दिसते. पेटीच्या तीन बाजूंना कापड लावा. सुरुवातीला त्याला आपलं प्रतिबिंब नको आणि येणारी-जाणारी माणसंही नकोत. दाढी काळी करून पोटावर गडद रेघा आणत असेल तर तो घाबरलाय. पहिला आठवडा वजन, आंघोळ आणि औषध सोडून हात लावायचा नाही. दोन सरडे एकत्र आले तरी पेट्या दोन. एकत्र ठेवले की तगडा दुबळ्याला ऊन घेऊ देत नाही.

ऊन घ्यायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, दुसरं टोक २४ ते २८, रात्री १८ ते २४. हे दोन टोकांतलं अंतर म्हणजेच पेटी. मधोमध एक बल्ब लावून सगळीकडे ३६ केलं तर जनावर दिवसभर हळूहळू शिजतं. पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड गन लागते, पण कोरोनाच्या वेळी घरोघरी आलेली कपाळावर धरायची गन त्यासाठी चालत नाही. ती शरीराच्या तापाच्या हिशोबाने आकडा जुळवून दाखवते. हार्डवेअरच्या दुकानातली घ्या आणि हवेसाठी वायरवाले दोन डिजिटल थर्मामीटर, दोन टोकांना.

उबेसाठी फिलामेंटचा किंवा हॅलोजनचा दिवा, चिनीमातीच्या होल्डरमध्ये. एलईडीने ऊब येत नाही. रात्री लाल बल्ब नको, झोप मोडते. विजेवर तापणारा ‘हॉट रॉक’ तर पेटीत नकोच: सरड्याच्या पोटाला भाजणं उशिरा कळतं आणि तोवर जखम झालेली असते.

आता खान्देशाचं. डिसेंबरात ७५-१०० वॉटचा दिवा लागतो आणि धुळ्याकडे पारा सहा-सातावर उतरला की रात्री थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटरही. तोच दिवा मे महिन्यात तसाच ठेवला तर घात. बाहेर ४५, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर खोलीत ३८. अशा वेळी दिवा सकाळी सात ते दहा, तोही ४० वॉटचा, टायमरवर. खोली ३५ च्या वर गेली की दिवा बंद. धाब्याचं घर असेल तर पेटी तिथे, खालच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला. पत्र्याच्या खोलीत दुपारी कुठलंच टोक थंड राहत नाही, कितीही कापडं टाका. कूलर चालेल, पण झोत पेटीवर नको: गार ओली हवा थेट अंगावर आली की एका टोकाला तापलेला आणि दुसऱ्या टोकाला भिजलेला सरडा छातीने आजारी पडतो. पेटीतली आर्द्रता ३० ते ४० टक्के बरी. पावसाळ्यात ती आपोआप चढते, तेव्हा पाण्याची वाटी दिवसातून दोन तासच ठेवा आणि वरची जाळी मोकळी.

तोंड उघडून बसणं दिव्याखाली असेल तर ठीक, तो जास्तीची ऊब सोडतोय. थंड टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल, काचेला नखं लावत असेल, तर पेटी तापलीय. लगेच बाहेर काढून २६-२७ अंशांच्या पाण्यात पाय बुडतील असं ठेवा. फ्रिजचं पाणी किंवा बर्फ नको, झटक्याने रक्तवाहिन्या आक्रसतात.

भारनियमनाची काळजी उन्हाळ्यात फारशी नाही, दिवे चार तास गेले तरी चालतं. हिवाळ्यात रात्री मात्र गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवायची.

यूव्हीबी: इथे फसवणूक फार

यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून तसंच निघून जातं. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढतं. जबडा मऊ होतो तो यामुळे. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसतं, म्हणजे ‘खिडकीत ठेवतो रोज’ याला अर्थ नाही. ट्यूब हवी ती सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची टी-५ एचओ, १० ते १२ टक्के, पेटीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीची आणि दिव्याच्याच टोकाला. सरड्याची पाठ आणि ट्यूब यांच्यात जाळी असेल तर साधारण ३० से.मी., नसेल तर ४० ते ४५. जाळीच एक तृतीयांशाच्या आसपास किरण खाते. इलेक्ट्रिकच्या दुकानातली एलईडीची टी-५ पट्टी म्हणजे ही नव्हे, तिच्या फिटिंगमध्ये ही बसतही नाही. डास मारायच्या यंत्रातली निळी ट्यूब यूव्हीए देते, ती बिनकामाची. आणि पाण्याच्या फिल्टरमधली ‘यूव्ही’ ट्यूब कोणी सुचवली तर साफ नको म्हणा. ती यूव्हीसी आहे, सरड्याचे आणि तुमचेही डोळे जातील.

आपल्याकडे खरं ऊन फुकट आहे, ते वापरा. हिवाळ्यात साडेनऊ ते अकरा, उन्हाळ्यात आठच्या आत-बाहेर, २० ते ३० मिनिटं. जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्यावर गोणपाट टाकून. काचेच्या टाकीत कधीच नाही, दहा मिनिटांत ती भट्टी होते. आणि उठून जायचं नाही: मांजर, घार, शिक्रा, मुंगळे, सगळे टपलेले असतात. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व शरीर स्वतः आवरतं, तोंडाने दिलेलं आवरता येत नाही. म्हणून माणसांसाठीची ६०,००० युनिटची पुडी ‘चिमूटभर’सुद्धा देऊ नका. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं.

खाणं

पाणी आणि ऊब नीट लागून दोन-तीन दिवस गेले, युरेट, म्हणजे विष्ठेतला तो पांढरा भाग, पांढरं व्हायला लागलं, की पहिला घास. गंगाफळ उकडून मऊ वाटा, त्यात शेवग्याचा थोडा पाला, वजनाच्या एक टक्का. म्हणजे २०० ग्रॅमला २ मिली, सकाळी ऊब घेऊन झाल्यावर. दोन दिवस तेवढंच. मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण खुराकावर. दिवे मालवायच्या दोन तास आधी खाणं संपलेलं असावं.

प्रौढाच्या खाण्यात तीन चतुर्थांश पाला-भाजी, उरलेले किडे. पिल्लाचं नेमकं उलट. शेवगा, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, जनावरांचा लसूणघास, काटे आणि कुसळं जाळून सोललेला फड्या निवडुंग, गिलके, गंगाफळ. मेथी अधूनमधून. पालक, राजगिरा, घोळ रोज नकोत, त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. केळ्याचं सांगतो, कारण रावेर-यावलकडे ते घरात असतंच: त्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस चौपट आणि वर साखर. हाडं मऊ झालेल्या सरड्याला हे नेमकं उलटं औषध. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो नाहीच. बाजारातली फुलकोबी आणि मेथी फवारलेली असते. पाला परसातला किंवा ओळखीच्या शेतातला आणा आणि तरी दोन पाण्यांनी धुवा.

किडे पाळलेलेच द्या: रातकिडे, डुबिया झुरळं, काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. या अळ्या हल्ली कोंबड्यांच्या खाद्यासाठी मिळतात आणि त्यांत कॅल्शियम मुळात चांगलं असतं. मीलवर्मचं कवच जाड, चरबी जास्त. आजारी सरड्याला नकोत. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. देण्याआधी दिवसभर किड्यांना गाजर-शेवगा खाऊ घाला, मग फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत घोळवा. शेतातला किडा पकडून द्यायचा मोह होतो, पण कपाशीच्या पट्ट्यात फवारणी न लागलेला किडा कुठून आणणार? आणि दोन किडे तर जीवच घेतात. रुईवरचा पिवळा-निळा नाकतोडा रुईचं विष अंगात साठवतो. मृगाच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला चमकणारे काजवेही तसेच. एक काजवा अख्ख्या ड्रॅगनला पुरतो. पेटीची खोली रात्री उघड्या खिडकीची असेल तर जाळी बसवा.

कात, हाडं, पोट

अडकलेली कात ओढायची नाही. बोटाभोवती ती कोरड्या कड्यासारखी आवळते, पुढचा भाग काळा पडतो आणि गळून जातो. आंघोळीनंतर ओल्या इअरबडने त्या कड्यावर बोटाच्या बुडाकडून नखाकडे हलकं फिरवा. सुटली तेवढी सुटली. उरलेली दुसऱ्या दिवशी. खान्देशातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आठवड्याला दोन-तीन आंघोळी लागतात. पावसाळ्यात एक पुरे.

हाडं मऊ झालेल्या सरड्याच्या पेटीत उंच फांदी ठेवू नका, एक सपाट फरशी बस. कॅल्शियमचं इंजेक्शन घरी नाही. मात्रा चुकली तर हृदय थांबतं. एक्स-रे काढून पशुवैद्य तोंडाने द्यायचं कॅल्शियम ठरवतील. थरथर काही आठवड्यांत थांबते, जबडा टणक व्हायला महिने जातात आणि वाकलेली पाठ तशीच राहते. तो तेवढ्यावरही वर्षानुवर्षं नीट जगतो.

सरड्यांचे डॉक्टर नाशिक-पुणे-मुंबईकडेच मिळतील. पण विष्ठेची तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते, कारण शेळ्यांच्या करडांमध्ये कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) बघायचं काम त्यांचं नेहमीचं. ताजी विष्ठा, डबीत, तीन-चार तासांच्या आत. दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा तपासा, एका तपासणीत परजीवी निसटतात. थोडे सूतकृमी सापडले आणि सरडा खातोय, वजन वाढतंय, तर औषधाची घाई नको. कॉक्सिडिया असेल आणि विष्ठा पातळ, वासाची असेल तर औषध लागतंच, आणि त्या काळात कागद रोज बदलायचा, नाहीतर तो स्वतःच्याच घाणीतून पुन्हा लागण करून घेतो. कुत्र्याच्या जंताच्या गोळीचा तुकडा अंदाजाने नको. नाशिकला न्यायचं तर उन्हाळ्यात रात्रीच्या गाडीने, भोकं पाडलेल्या डब्यात टॉवेल घालून. दुचाकीच्या डिकीत नाही.

पोट फुगलंय आणि मादी आहे, तर नर नसतानाही अंडी असू शकतात. २० सें.मी. खोल ओलसर वाळूची पाटी द्या. खणतेय पण दोन-तीन दिवसांत घालत नाही आणि मलूल झालीय, तर डॉक्टर.

हात साबणाने धुवा, प्रत्येक वेळी. धडधाकट सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला असतो. पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई यांनी या कामात पडू नये, आणि आंघोळीचा टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नये.

पहिल्या हिवाळ्यात तो सुस्तावेल. बिअर्डेड ड्रॅगन थंडीत झोपी जातात हे खरं, पण ते अंगावर चरबी असलेल्यांनी. हाडं दिसणाऱ्याला झोपू द्यायचं नाही. दिवे बारा तास, ऊब पूर्ण. धडधाकट झोपलेल्याचं वजन जवळजवळ हलत नाही. दर रविवारी उपाशीपोटी केलेल्या वजनात दहा टक्के घट दिसली, तर ती झोप नाही, आजार आहे.

तीन महिने वेगळा ठेवून, विष्ठा स्वच्छ, वजन सलग वाढतंय असं झाल्यावर दुसऱ्या घरी द्यायला हरकत नाही. देताना वजनाची वही, विष्ठेचे अहवाल आणि वनविभागाची पोच सोबत द्या, आणि उन्हाळ्यात दिवा किती वाजता बंद करायचा ते पेटीच्या दारावर लिहून चिकटवा. ट्यूब बसवल्याची तारीख फिटिंगवर मार्करने लिहा. वर्षाने ती लख्ख पेटत असली तरी तिच्यातलं यूव्हीबी उतरलेलं असतं आणि ती बदलावी लागते.